दोन बोटं उंचीचं घर

लढाई संपल्यावर, शेहेचाळीस साली, परत आलेल्या शिपायांना घरबांधणी शिकवायचा वर्ग पाटणला निघाला आणि का कोण जाणे, माझ्याकडे आला. तोवर मी एकही भिंत बांधली नव्हती. माझं सगळं ज्ञान पुस्तकातलं.

बारा जणांत केरबा होता. त्याचे डोळे ब्रह्मदेशात गेले होते. घराणं गवंड्याचं, म्हणून त्याला तेच काम करायचं होतं. पण शनिवारी मला वर्गात कोण राहणार त्याची यादी वरच्या कचेरीत पाठवायची होती. ज्याला नकाशा वाचता येत नाही, त्याचं नाव कमी व्हायचं. फळ्यावरची रेघ त्याला दाखवायची कशी, ते मला सुचेना. आठवडाभर मी त्याच्याशी बोलणंच टाळलं.

शुक्रवारी त्याची बायको रंगूबाई त्याला पोचवून दारातच थांबली. निम्म्या गावातल्या घरांच्या जमिनी तीच करायची, सारवायची.

“आवं मास्तर, फळ्यावर कशाला? भुईवर काढा की.”

माझ्या उत्तराची वाट न बघता तिनं चिखल कालवला. मी मापं सांगत गेलो, ती दोन बोटं उंचीच्या भिंती घालत गेली. दारं असतील तिथं मोकळी जागा. केरबा उकिडवा बसून बोटांनी आत शिरला. ओटी, माजघर, मग सैपाकघर. तिथं बोटं थांबली.

“मास्तर, उगवत कुठल्या अंगाला?”

मी त्याचा हात पूर्वेकडे वळवला.

“मंग चूल मावळतीला आली की. पाऊसकाळात वारं तिकडनंच येतंय. समदा धूर माजघरात.”

मागून वर्गातलाच लालासाहेब हसला. “आन् आमी डोळं आसून चार दिस ह्योच नकाशा उतरवून घेतोय.”

नकाशा माझ्या पुस्तकातला होता. कुठल्या गावच्या वाऱ्यासाठी काढलेला, हे मी कधी विचारलंच नव्हतं. केरबानं सैपाकघराची भिंत हलवू का म्हणून विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यानं ती मोडून दुसऱ्या अंगाला घातली. मग खिडकी कुठं ठेवायची यावरून त्याची आणि रंगूबाईची जुंपली. बाकीचेही भोवती बसून त्यात पडले. मी नुसता ऐकत होतो.

सगळे गेल्यावर दार लोटलं, डोळे मिटले आणि बोटं ओटीवर ठेवली. माजघरातच वाट चुकलो.

मग यादी लिहायला बसलो. केरबाच्या नावापुढे ‘नकाशा वाचता येतो’ असं लिहिलं. शेवटी, कुणी विचारलं नसताना, रंगूबाईचंही नाव जोडलं.