क्लिफर्डची उजळणी

स्मृतीच्या दवाखान्यात म्हणींचे अर्थ विचारतात, हे शेजारच्या एडनाकडून कळल्यापासून बेरिलने नवऱ्याला अर्थ घोकायला लावले होते. रोज सकाळी चहाचा कप पुढे ठेवायचा आणि उजळणी घ्यायची. आधी वेळेवर घातलेला एक टाका पुढचे नऊ वाचवतो, मग सांडलेल्या दुधावर रडू नये, शेवटी काचेच्या घरात राहणाऱ्याने दुसऱ्याला दगड मारू नयेत.

"मी काय शाळेत चाललोय?" क्लिफर्ड कुरकुरायचा.

"लायसन्स गेलं म्हणजे कळेल. गावात दुकान नाही, बस कधीच बंद झाली, मला गाडी येत नाही. म्हण बघू पुढचं."

ही लबाडी होती आणि बेरिलला ते ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात स्किप्टन शहरातल्या चौकात क्लिफर्डने लाल दिवा असताना गाडी तशीच पुढे नेली होती. ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा सांडलेल्या दुधाची म्हण विचारली. क्लिफर्ड ताठ बसला.

"छोटं काम वेळीच उरकलं, की पुढचा मोठा खटाटोप वाचतो."

बाईंनी काचेच्या घराची विचारली.

"होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल रडत बसू नये," क्लिफर्ड म्हणाला आणि शाबासकीसाठी बेरिलकडे पाहू लागला.

बाईंनी मधूनच सुरुवात केली होती, आणि हा आपला घरच्या क्रमाने पहिल्यापासून म्हणत होता. बेरिलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घरी तयारी करून घेतलीत का?" बाईंनी हळूच विचारलं.

"घेतली." बेरिलने पर्स घट्ट धरली. आता गप्प राहिली असती, तर तिला स्वतःचीच लाज वाटली असती. "आणखी एक सांगायचंय. मागच्या आठवड्यात गाडी चालवताना त्याला लाल दिवा दिसला नाही. दोन मुली रस्ता ओलांडत होत्या, थोडक्यात वाचल्या. मी शेजारी बसले होते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "क्लिफर्ड, आजपासून तुम्ही गाडी चालवायची नाही."

तो आता भडकणार, बाईंसमोर आपल्याला फितूर म्हणणार, अशी बेरिलने मनाची तयारी केली. क्लिफर्ड तिच्याकडे वळला.

"मग तुला बाजाराला कोण नेणार गं?" त्याने विचारलं.

बेरिलला रडू आवरेना.