मोटारीचा नैवेद्य

भिकनशेठच्या जिनिंगपुढच्या पटांगणात त्या सकाळी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. अर्धं राजपुरा कपाशीच्या गठ्ठ्यांवर चढलं होतं आणि उरलेलं अर्धं एकमेकांच्या पायांवर उभं होतं. मधोमध होती एक लालभडक विलायती मोटार. लांबलचक नाक, दोनच माणसांची बैठक, टप नाही, आणि नाकाच्या शेंड्यावर पितळी मोर. मोटारीच्या गळ्यात झेंडूचा हार होता आणि मोटारीपुढे मोटारबाबा होते.

"पाहा! डोळे भरून पाहा!" बाबा गरजले. "टाकीत थेंब राहिला का? आहे का कोणी माईचा लाल शंका घेणारा?"

टाकी खरोखरच रिकामी होती. सगळ्यांसमक्ष तळाचं बूच काढून पेट्रोल बादलीत सोडलं होतं आणि बाबांचा जाडजूड शिष्य गोटू ते 'अशुद्ध तेल' विसर्जनासाठी घेऊन गेला होता. नंतर तांब्याची घागर आली. तिच्यातलं तापीचं पाणी पहिल्या रांगेतल्या लोकांच्या हातावर तीर्थ म्हणून पडलं. लोकांनी ते प्यायलं, डोळ्यांना लावलं आणि पाणी असल्याची ग्वाही दिली.

"यंत्र म्हणजे तंत्र, आणि तंत्र म्हणजे मंत्र!" बाबा म्हणाले. त्याचा अर्थ कुणालाच कळला नाही, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. "आता मोटारदेवतेला नैवेद्य. पडदा करा! देवता जेवताना पाहू नये, पाप लागतं. पाठ करा आणि टाळ्या वाजवा!"

गोटूने मोटारीभोवती धोतराचा पडदा धरला. केळीच्या पानांनी झाकलेली नैवेद्याची मोठी टोपली आत गेली, तीर्थाची घागरही आत गेली. आपल्याकडे नैवेद्याच्या वेळी देवाकडे टक लावून बघत नाहीत, हे का कुणाला शिकवावं लागतं? पटांगणातल्या झाडून सगळ्यांनी पाठ फिरवली आणि टाळ्यांचा कडकडाट केला.

पडदा दूर झाला. बाबांनी घागर उचलून टाकीत ओतली. गोटूने हँडल मारलं. मोटार दोनदा खोकली, मग अशी काही गुरगुरली की गठ्ठ्यांवरची दोन माणसं खाली आली. तिने पटांगणाला तीन फेरे मारले आणि "तापीमाई की जय!"च्या गजरात हवेत टोप्या उडाल्या. सगळीकडे केवड्याच्या अत्तराचा घमघमाट सुटला होता.

माझा दवाखाना जिनिंगच्या समोरच, म्हणून हा खेळ मला फुकटात पाहायला मिळाला. लढाईच्या काळात मी सरहद्दीवर फौजेची रुग्णगाडी हाकलेली आहे. टाकीत पाणी गेलं की मोटार बंद पडते, चालत नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. पण तीन फेरे मारणारी मोटार समोर असताना डॉक्टरचं ऐकतो कोण?

ती मोटार आमच्या गावात कशी आली तेही सांगतो. संस्थानं नुकतीच विलीन झाली होती. नर्मदेपलीकडच्या एका चिमुकल्या राजेसाहेबांनी राज्य गेल्यावर आधी हत्ती विकला, मग झुंबरं विकली आणि शेवटी शिकारीला जायची ही जुनी मोटार. केळीचा व्यापारी आणि जिनिंगचा मालक असलेल्या भिकनशेठने ती घेतली. गाव म्हणालं, शेठला राजा व्हायची हौस आली. गावाला काय कळतंय! शेठची एकुलती एक मुलगी मालती शाहपूरला दिलेली. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात तिला बैलगाडीतून माहेरी आणताना अर्ध्या वाटेत कळा सुरू झाल्या. माझ्या दवाखान्यात गाडी पोचली तेव्हा बाळ गेलेलं होतं, आणि मालतीही जेमतेम हाती लागली. मालती पुन्हा गरोदर राहिली त्याच महिन्यात शेठने ही मोटार घेतली. मागच्या खेपेला माहेरच्या वाटेवरच घात झाला, असं म्हणून सासूबाई मथुराबाई या वेळी तिला आधी पाठवायला तयार नव्हत्या. म्हणून दिवस भरल्याचा निरोप येताच मोटार शाहपूरला धाडायची आणि पोरीला माझ्याकडे आणायची, असं शेठने मनाशी ठरवलं होतं. बापाचं काळीज होतं ते, हौस नव्हती.

पण घोडं पेंड खात होतं ते पेट्रोलवर. राजाकडे गॅलनला पंधरा मैल जाणारी ही बया शेठकडे आल्यावर सहा मैलांतच जीभ बाहेर काढायची, वर काळा धूर ओकायची. पेट्रोल मिळायचं कुपनावर, तेही मोजकं. शाहपूरला जाऊन यायचं तर महिन्याची कुपनं संपणार. शेठ हवालदिल झाला. हवालदिल माणसाचा वास या बाबालोकांना तीन कोसांवरून येतो.

त्या चमत्कारानंतर संध्याकाळी मी शेठकडे गेलो.

"शेठ, मोटार एकदा मला पाहू द्या. कुठेतरी बिघाड आहे, म्हणून ती एवढं पेट्रोल पिते."

"नाही नाही डाक्टरसाब, तुमच्या पायात चामड्याचे बूट. बाबा म्हणे, आता ती मोटार नाही राहिली, देवता झाली."

"बरं, निदान एक गॅलन तरी टाकीत ठेवा. मालतीचे दिवस भरत आलेत."

"तेच तं! पेट्रोलचा विटाळ झाला की सिद्धी गेली. सोमवारी पूर्णाहुती आहे. त्यानंतर जनमभर पाण्यावर चालणार. तोवर टाकी कोरडी पाहिजे."

"आणि तुमची कुपनं?"

शेठने हात जोडले. "बाबाले दिली. समदी. ते तापीत सोडणार आहेत. मोह सुटला पाहिजे ना."

माझा संताप संताप झाला. "अहो, सोमवारच्या आत शाहपूरहून निरोप आला तर? पोरीला काय तीर्थ पाजणार?"

"तुम्ही शिकेल माणसं, तुम्हाले सगळंच खोटं वाटते," शेठ म्हणाला, पण माझ्याकडे न बघता. आतून तोही घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस दोर समजून साप धरतो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भिकनशेठची बायको कोकिळाबाई आली. अंगठ्याला चिरल्याचं निमित्त होतं, चिरलेलं मात्र काही नव्हतं.

"डाक्टरसाब, एक इचारू? हसू नका."

"विचारा."

"नैवेद्य तं मी जनमभर दाखवला. पण दिव्याबिगर नैवेद्य कधी पाह्यला नाही. आधी निरांजन, मग धूप, मग नैवेद्य. या बाबानं उदबत्ती भी लावू दिली नाही. मी काडी काढली तं तो गोटू असा धावत आला, जसं काही मी साप सोडला. बिडी पिणारे लोक भी पार दूर उभे केले. आता सांगा, देव असा कसा, जो दिव्याले घाबरते?"

मी खुर्चीतून उठलोच. अख्ख्या गावाने पाठ फिरवली होती, मीही फिरवली होती. आणि ज्या बाईने पंचवीस वर्षं मनोभावे देवपूजा केली तिच्या डोळ्यांना पूजेतली चूक दिसली. मी पेट्रोल, पाणी, यंत्र यांच्याच नादात होतो. दिवा नाही, उदबत्ती नाही, वर केवड्याच्या अत्तराचा मारा! "देवाला दिव्याची भीती नसते, कोकिळाबाई. पेट्रोलला असते," मी म्हटलं.

मी तिला सगळं समजावलं. तिने अंगठ्याला बांधलेली चिंधी सोडून टाकली. मग म्हणाली, "माझ्या मालतीसाठी ठेवेल तेल त्यानं खाल्लं?"

"अजून खाल्लं नसेल. कुपनं तापीत सोडणारे बाबा मी अजून पाहिलेले नाहीत."

"मग सोमवारी आरती मी करणार," कोकिळाबाई म्हणाली.

सोमवारी तर शाहपूरहून, लालबागहून बैलगाड्या जुंपून लोक आले होते. बाबांनी नवा भगवा झगा घातला होता. मी जिनिंगच्या दाराशी आग विझवायच्या वाळूच्या बादल्या आणून ठेवल्या होत्या. गोटूने विचारलं, "हे कशाले?" मी म्हटलं, "भक्तांच्या पायाखाली घालायला, चिखल आहे." चिखल कुठेच नव्हता, पण शिष्याला प्रश्न विचारायची सवय नव्हती.

तीर्थ वाटून झालं. टोपली आत गेली, घागर आत गेली, पडदा लागला.

"पाठ करा! टाळ्या वाजवा!"

सगळ्यांनी पाठ केली. आणि गर्दीतून कोकिळाबाई पुढे निघाली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात पितळी निरांजन आणि त्यात पेटलेल्या पाच वाती. मी तिच्या पुढे चार पावलं चालत होतो. पडद्यापासून चांगलं दहा हात लांब मी तिला थांबवलं.

"बाबा," तिने खणखणीत आवाजात हाक मारली, "देवतेले दिवा दाखवायचा राह्यला होता. आणला मी. पडदा काढता का मी आत येऊ?"

पडद्याच्या वर आधी बाबांची जटा आली, मग डोळे आले. त्या डोळ्यांना निरांजन दिसलं मात्र,

"विझव! विझव ते! अरे मूर्ख बाई, भडका उडेल! आग लागेल!"

टाळ्या थांबल्या. लोक वळले. देवता जेवत असताना वळल्याचं पाप लागलंच असेल, पण सगळ्यांना सारखंच लागलं. बाबा झगा गुडघ्यापर्यंत उचलून पडद्याबाहेर पळत होते. गोटूने पडद्याचं धोतर टाकलं आणि तो गुरूच्याही पुढे निघाला. उंदराला मांजर साक्ष असतं तोवर ठीक, पळायची वेळ आली की ज्याचे पाय त्यालाच. जिनिंगच्या हमालांनी दोघांना फाटकाशीच धरलं.

मी निरांजन विझवायला लावलं आणि पडदा उचलला. आत दोन घागरी होत्या. हुबेहूब सारख्या. एक नुकतीच टोपलीत, केळीच्या पानांखाली दडवलेली.

"या," मी पहिल्या रांगेतल्यांना बोलावलं, "तीर्थ प्यायला होतात ना? आता ही दुसरी घागर हुंगा."

अत्तर चोपडलेलं होतं तरी नाकाला कळायचं ते कळलं. मी समजावून सांगितलं. टोपलीतून पेट्रोलची घागर आत यायची. पडद्याआड पाण्याची घागर पानांखाली जायची आणि पेट्रोलची टाकीपाशी. पहिल्या दिवशी तर शेठच्याच टाकीतून 'विसर्जनाला' नेलेलं पेट्रोल परत शेठच्याच टाकीत ओतलं होतं! आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. गोटूच्या कमरेच्या पिशवीत शेठची कुपनं निघाली, अर्धीअधिक शिल्लक. बाकीची काळ्या बाजारात पोचली होती.

"मी सिद्ध पुरुष आहे! या बाईनं पूजा मोडली!" बाबा ओरडले. आणि सांगायला लाज वाटते, गर्दीतल्या निम्म्या माना डोलल्या. एक म्हातारबा तर म्हणाले, "बायकोनं मध्ये पडायले नको होतं. अजून थोडा वेळ थांबली असती तं झालं असतं पाण्याचं पेट्रोल."

भिकनशेठ मात्र मोटारीला टेकून खाली बसला होता. त्याला बाबाचा राग आलेला दिसत नव्हता, त्याला रडू फुटलं होतं. "डाक्टरसाब, काल रात्री निरोप आला असता तं..." एवढंच तो बोलला.

"निरोपाची वाट कशाला बघता? आत्ता निघा," मी म्हटलं. "घागरीतलं पेट्रोल आपलंच आहे. फडक्यातून गाळून टाकीत ओता. आणि आता तरी मला बुटांसकट आत बसू द्या."

मी चालकाच्या जागी बसलो आणि समोरच्या फळीकडे बघून कपाळावर हात मारला. इंजिन थंड असताना जास्त पेट्रोल सोडायला एक खुंटी असते, तिला चोक म्हणतात. मोटार सुरू झाली, तापली, की ती आत ढकलायची असते. शेठची खुंटी बाहेर ओढलेली होती आणि तिच्या मानेला, राजवाड्याची दृष्ट लागू नये म्हणून, लिंबू-मिरची करकचून बांधली होती. गाठ अशी जाड की खुंटी आत जायची सोयच नव्हती.

"शेठ, हे कधी बांधलं?"

"मोटार घरी आली त्याच दिवशी."

"आणि मोटार जास्त पेट्रोल कधीपासून प्यायला लागली?"

शेठने माझ्याकडे पाहिलं, लिंबाकडे पाहिलं. कोकिळाबाईने पुढे होऊन स्वतःच्या हाताने गाठ तोडली. मी चारही चाकांत हवा भरायला लावली, इंजिन सुरू केलं, तापल्यावर खुंटी आत ढकलली. काळा धूर थांबला. राजाची मोटार राजाच्या तालात बोलू लागली.

शाहपूरला मथुराबाईंनी दारात आडवे हात घातले. कोकिळाबाई त्यांना काय बोलली ते मी लिहीत नाही, विहिणींमधलं विहिणींमध्ये राहावं. मोटारीत जागा दोघांचीच, म्हणून कोकिळाबाई बैलगाडीने मागून आली; मालतीला उशांमध्ये नीट बसवून मी सावकाश गाडी परत आणली. त्याच आठवड्यात माझ्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. बाळ आडवं होतं, मला बराच वेळ लागला. बैलगाडीच्या वाटेवर दोघींपैकी एकही वाचली नसती, हे मी शेठला सांगितलं नाही. त्याला ते कळून चुकलं होतं.

मोटार त्यानंतर गॅलनला चौदा मैल चालत राहिली, तापीचं पाणी न पिता. मथुराबाई मात्र अजून सांगतात की नात सुखरूप झाली ती बाबांच्या घागरीमुळे, शेवटी मोटार त्याच घागरीवर चालली होती ना! त्यांच्यापुढे मी हात टेकले आहेत.

तुमच्यापुढे मात्र टेकणार नाही. गड्यांनो, देवाला नैवेद्य दाखवा, खुशाल पाठ करा, तुमची श्रद्धा तुमच्यापाशी. पण तुमच्या लेकराच्या जिवाचं काही चाललं असेल आणि कोणी म्हणालं की पाठ करा आणि टाळ्या वाजवा, तर तिथून हलू नका. तोंड त्याच्याकडे ठेवा, आणि एक दिवा मागवा.