पीयूषाची तहान

वैशाखाचे ऊन येवल्याच्या पत्र्यांवर वितळत होते. तप्त आकाश, तप्त अंगण, तप्त वारा. आणि पैठणीच्या मागावर बसलेली कुमुदिनी पाणी पीत होती. तांब्यामागून तांबा, तरी कंठ कोरडाच.

"ऊनच तसं आहे, बाई," शेजारणी म्हणाल्या.

"साखर नाही," गावातले डॉक्टर म्हणाले, "अशक्तपणा आहे."

घडीघडीला ती मोरीकडे धावे, आणि परते ती तृषार्त.

आषाढ आला. मेघश्याम आभाळाखाली सारी सृष्टी तृप्त झाली; कुमुदिनी नाही. मस्तक ठणकू लागले. आता डोळेही फितूर झाले. समोरचा जरतारी मोर दिसे, नीलकंठ, रत्नपिसारी. पण साडीचे दोन्ही काठ, डावा आणि उजवा, काळोखात बुडून जात.

तिने भांडे आपटले. "अहो, छाती कापून दिली मी त्या रोगाला! आता त्याचं नावही कुणी का काढत नाही?"

नवरा दामोदर दचकला. नाव त्याच्याही ओठांवर होते, भीतीने दाबलेले. दुसऱ्याच दिवशी तो तिला नाशिकला घेऊन गेला.

यंत्राने मस्तकाच्या गाभाऱ्यात डोकावून पाहिले. तिथे, दृष्टीच्या नसांखाली, वाटाण्याएवढी, देहातले पाणी राखणारी पीयूष ग्रंथी. आणि तिच्यात स्तनातला तो जुना कर्करोग घर करून, वरच्या नसा दाबत बसलेला. पीयूष! अमृताचे नाव मिरवणाऱ्या त्या इवल्या कुपीने तिच्या देहाचे वाळवंट केले होते.

"औषधानं तहान थांबेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किरणांनी गाठ आवरता येईल. मुळापासून जाईल, असं मात्र मी म्हणणार नाही."

"आणि वैशाखातच कळलं असतं तर?" कुमुदिनीने विचारले.

"नजर कदाचित वाचली असती."

तहान लवकरच शमली. संताप शमला नाही. तो तिच्या नसानसांतून वाहत राहिला, उष्ण, अबोल, रक्तवर्ण.

किरणोपचार संपले. ठणका ओसरला; काठ परतले नाहीत.

ती पुन्हा मागावर बसली.

"काठांकडे मी बघतो," दामोदर हळूच म्हणाला.

"बसा हवं तर. पण बघणार मीच."

मान डावीकडे, एक काठ. मान उजवीकडे, दुसरा काठ. आणि धाग्याधाग्यावर फणी अशी आदळली, अशी आदळली, की वळचणीचे पारवे भर्रकन उडाले, बसले, पुन्हा उडाले.