भिंतीवरचा बाण

अक्रा शहरातल्या त्या कचेरीत कोर्टातली ध्वनिमुद्रणं ऐकून टाइप करायचं काम चाले. खरं काम कोण करतं ते साहेबांना बसल्या जागी कळावं, म्हणून एलिकेमने प्रोग्राम लिहिला. त्याला तयार कोडची एक लायब्ररी सापडली होती. विंडोज असो, लिनक्स असो की साहेबांचा मॅक, माउस कधी हलला ते ती बिनचूक सांगायची. आणि हुकूम दिला तर माउसचा बाण स्वतःच हलवायचीही! पहिल्या गुणावर एलिकेमने शाबासकी मिळवली. दुसरा गुपचूप स्वतःसाठी वापरला. त्याचा हात थोडा वेळ थांबला की बाण आपोआप फिरू लागे आणि हा खाली केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि मासे खात गप्पा मारायला मोकळा. कुंपणच शेत खातं, ते असं.

पंचाईत झाली आंटी काफुईची. ती सगळ्यांत जुनी टायपिस्ट. दोन्ही हात कीबोर्डवर, रेकॉर्डिंग थांबवायला पायाखाली पेडल. माउसला ती दिवसभर शिवायचीही नाही. प्रोग्रामच्या लेखी बाई झोपलेली. एलिकेमच्या हे लगेच लक्षात आलं होतं. पण बोलावं तर साहेब नोंदी उकरणार आणि आपलंही पितळ उघडं पडणार. म्हणून तो मूग गिळून बसला. वर तिच्याच डब्यातला मासा खायचा.

"खा रे बाबा," ती म्हणायची, "तुझा शर्ट अजून खुंटीवर टांगल्यासारखा दिसतो."

सोमवारी साहेबांनी कामाची यादी भिंतीवर दाखवायला सांगितली. एलिकेमचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवला. यादीत सर्वांत वर त्याचं नाव, तळाला काफुईचं.

"तळाला असेल त्याने आजच घरी जायचं," साहेब म्हणाले. "आधी प्रार्थना."

"साहेब, मी टाइप केलेली पानं तरी बघा."

"आंटी, यंत्र खोटं बोलत नाही. डोळे मिटा."

साहेबांची प्रार्थना लवकर संपत नसे. एलिकेमनेही हात जोडले. हात थांबला की बाण आपोआप फिरतो, नेमकं हेच तो विसरला. त्याने एक डोळा किलकिला केला, तर भिंतीवर त्याच्याच नावाभोवती बाण भिरभिरत होता.

काफुईचेही डोळे उघडेच होते. देवाशी तिचं त्या दिवशी जरा बिनसलं होतं. तिने बाण पाहिला, मग एलिकेमचे जोडलेले हात पाहिले. तिला सगळं कळलं. आता ही ओरडणार, असं त्याला वाटलं. पण ती हळूच सरकून प्रोजेक्टरसमोर उभी राहिली. यादीवर तिची सावली पडली आणि बाण तिच्या झग्याच्या पाठीवरच्या रंगीबेरंगी नक्षीत हरवून गेला.

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. लाजेने त्याचे कान तापले. मान वर करवेना.

"आमेन! आंटी, बाजूला व्हा, लोकांना दिसत नाही."

"पाय अवघडलेत, साहेब," काफुई जागची हलली नाही. "एलिकेम, जा बाळा, तेवढं यंत्र बंद कर."

तो लॅपटॉपपाशी गेला. माउसला नुसतं बोट लावलं असतं तरी बाण थांबला असता. त्याने दोन्ही हात खिशात घातले.

"आंटी, बाजूला हो," तो कसाबसा म्हणाला. "बघू दे सगळ्यांना."