मालिकेतला दहावा

मुलांनो, अशी कल्पना करा, राणीसावरगावच्या ओढ्याकाठी मालिकेचं शूटिंग चाललंय. जंगलात हरवलेल्या हरिओमचा आज दहावा आहे. पिंडाला कावळा शिवला, की तो मेला असं ठरणार आणि मालिकेतून कायमचा जाणार. त्याच्या मुलीचं काम गावातल्या सृष्टीला मिळालंय. तिनं एकही भाग चुकवलेला नाही. हरिओम जिवंत आहे, यावरून ती सगळ्यांशी भांडते.

कावळा फांदीवरून उतरला.

"बोल की पोरी," गर्दीतली कडूआजी कुजबुजली. "बापाला शब्द दे, म्हंजी शिवंल."

"आज्जे, त्यो मेलाच न्हाई."

"गप. क्यामेरा चालू हाय."

कावळ्यानं पिंडाकडे मान वाकवली. सृष्टीनं जोरात टाळी वाजवून त्याला हुसकावून लावलं.