मंगोलियाला जाताना कॅम्पबेलटाउन

माझा मुलगा हृषीकेश स्वभावाने चांगला आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे बोलणार आहे त्यावरून तसं वाटायचं नाही. सिडनीत टूनगॅबीला घर, आयटीतली नोकरी, आईच्या गोळ्यांच्या वेळा त्याच्या फोनमध्ये. फक्त एक खोड आहे. आपली आई साठी ओलांडून गेली म्हणजे ती आता काचेचं सामान झाली, असं त्याला वाटतं. मी जिना उतरायला लागले की हा खाली हात पसरून उभा. जसं काही मी पडणारच आहे आणि उशीर करतेय.

मी कराडला शाळेत भूगोल शिकवायचे. त्यात गवताळ प्रदेशातल्या लोकांचा धडा होता. मेंढ्या, घोडे आणि लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू. पुस्तकात त्याला युर्त म्हटलेलं असायचं, मंगोलियातले लोक गेर म्हणतात हे मला फार पुढे कळलं. दरवर्षी मी फळ्यावर तो तंबू काढायचे. जाळीची भिंत, छपराला मधोमध गोल झरोका, दक्षिणेकडे दार. पोरं वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत त्याचं कलिंगड करून ठेवायची. उभी हयात मी ज्या घराबद्दल सांगत आले, त्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. याची लाज नाही वाटत, पण चुटपुट आहे. मरायच्या आधी मला त्या झरोक्याखाली आडवं पडून आभाळ बघायचं होतं. बस, एवढंच.

सकाळी पार्कात माझ्याबरोबर चालायला येते ती अंजू. तिने एक सहल शोधून काढली. बीजिंगपर्यंत विमान, तिथून रेल्वेने गोबी ओलांडून उलानबातर, आणि मग आठवडाभर कुरणावर गेरमध्ये मुक्काम. चीनच्या सीमेवर म्हणे आख्खे डबे उचलतात आणि खालची चाकं बदलतात, कारण पलीकडे रुळांमधलं अंतर जास्त. हे ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही.

जेवताना मी हृषीकेशला सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला, फोन काढला, आणि दोन मिनिटांत त्याला सगळं सापडलं. संडास तंबूच्या बाहेर, लांब. जेवणात मटण. डॉक्टर कुठे तर देव जाणे. आणि तुझा गुडघा. "नो वे, आई. विषय संपला," तो म्हणाला. अरे वा. मी मास्तरीण आहे. विषय कधी संपतो ते मी ठरवते.

मी माझ्या पेन्शनीतून सहलीचे पैसे भरून टाकले. माझी लेक मयूरा मेलबर्नला क्लेटनमध्ये राहते, तिला कटात घेतलं. आई पंधरा दिवस माझ्याकडे येतेय असं तिने भावाला सांगायचं, आणि मी परस्पर विमानात बसायचं. थंडीचे दिवस होते, त्यामुळे लोकरीचे कपडे बॅगेत भरताना कुणी हटकलं नाही. मेलबर्नच्या थंडीबद्दल सिडनीतल्या लोकांना काहीही सांगा, पटतं.

अडचण एकच होती. हृषीकेश मला पोचवायला येणार. आपल्याकडे एक माणूस गावाला निघालं की चार माणसं पोचवायला जातात, हा एकटाच चौघांना भारी आहे. मेलबर्नचं विमान म्हटलं असतं तर तो थेट गेटपर्यंत आला असता, इथे देशातल्या विमानांना पोचवणाऱ्यांनाही आत सोडतात. विमानात बसले की संपलं, विमान काही मधे थांबत नाही. रेल्वे थांबते. म्हणून मी म्हटलं, विमानात माझे कान दुखतात, मी गाडीने जाईन. मेलबर्नची सकाळची गाडी तासाभरात कॅम्पबेलटाउनला थांबते. तिथे उतरायचं, समोरची लोकल पकडायची, ती सरळ एअरपोर्टला जाते. अंजू तिथे भेटणार. दुपारचं विमान. यात चुकण्यासारखं काय आहे, मला सांगा.

सेंट्रल स्टेशनवर हृषीकेशने मला खिडकीत बसवलं, पाण्याची बाटली दिली, आणि मग डब्यात इकडेतिकडे बघायला लागला. तो काय शोधतोय हे मला माहीत होतं. तो मराठी माणूस शोधत होता. आणि त्या भल्यामोठ्या गाडीत, माझ्याच डब्यात, माझ्याच पलीकडच्या सीटवर तो निघाला.

गुरुदत्त त्यांचं नाव. पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, मांडीवर चिवड्याचा डबा. मेलबर्नजवळ डँडेनॉन्गला पुतण्याच्या नव्या घराची वास्तुशांत दुसऱ्या दिवशी होती, तिकडे निघाले होते. हृषीकेशची आणि त्यांची गणपतीत ओळख झाली होती म्हणे. हृषीकेशने त्यांचा हात हातात घेतला. "काका, आईकडे जरा लक्ष ठेवाल?"

आता हे कोण कोणाला म्हणत नाही? म्हणायचं असतं, समोरच्याने हो हो म्हणायचं असतं, आणि गाडी सुटली की झोपायचं असतं. पण गुरुदत्तनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "शब्द देतो."

माणूस झोपलाच नाही हो. गाडी हलायच्या आत त्यांनी माझा फोटो काढून हृषीकेशला पाठवला, आणि मग दर दहा मिनिटांनी आणखी एक. मी खिडकीचा पडदा ओढला, यांनी उठून नीट केला. मी बाथरूमला गेले तर बाहेर उभे, वर दार वाजवून विचारतात, काकू बऱ्या आहात ना. मी म्हटलं, आत्तापर्यंत होते. त्यांना राग येत नाही, हीच पंचाईत. चिवडा पुढे करतात आणि हसतात.

मी ठरवलं, यांना दूर पाठवायचं. कॅम्पबेलटाउन जवळ आलं तेव्हा म्हटलं, गुरुदत्त, मला चहा हवा, पण साखर वेगळी, दूध वेगळं, आणि पाणी अगदी उकळतं. ते आनंदाने उठले. कँटीनचा डबा बराच पुढे होता. ते दिसेनासे झाले तशी मी पर्स गळ्यात अडकवली आणि दाराजवळच्या रॅककडे धावले. गुडघ्याने हूं की चूं केलं नाही.

बॅग ओढली, येईना. पुन्हा ओढली. खाली वाकून बघते तर साखळी. आपली साखळी हो, बर्थखाली बॅगा बांधतात ती. माझी बॅग, त्यांची बॅग आणि रॅकचा दांडा, सगळ्यांतून ओवलेली, वर पितळी कुलूप. ऑस्ट्रेलियात, भर सकाळी, जिथे लोक लॅपटॉप सीटवर टाकून फिरायला जातात अशा डब्यात! मी गुरुदत्तना आणि हृषीकेशला, दोघांनाही मनातल्या मनात जे काही म्हटलं ते शाळेतल्या बाईंनी म्हणू नये.

गाडीचा वेग कमी झाला. बॅग सोडून उतरावं तर गोळ्या त्यात, कपडे त्यात. तेवढ्यात गुरुदत्त आले, दोन्ही हातांत चहा. मी साखळी धरून बसलेली त्यांनी बघितली आणि कौतुकाने म्हणाले, "पक्की आहे काकू, काळजी नको."

माझा धीर सुटला. खोटं बोलायला वेळ लागतो, तेवढा वेळच नव्हता. मी सांगून टाकलं. की मी मेलबर्नला जात नाहीये, मंगोलियाला जातेय. मला गेरमध्ये राहायचंय. मुलगा नाही म्हणाला. इथे नाही उतरले तर विमान चुकेल, आणि पुढच्या वर्षी माझा गुडघा मला विचारणारसुद्धा नाही. बोलता बोलता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचा मला भयंकर राग आला.

गुरुदत्तनी चहा जमिनीवर ठेवला. "पण मी हृषीकेशला शब्द दिलाय," ते म्हणाले.

"तो मुलगा आहे. आई मी आहे. कुलूप उघडा."

हा आवाज मी बऱ्याच वर्षांत काढला नव्हता. दहावीच्या मागच्या बाकासाठी राखून ठेवलेला. गुरुदत्तचा हात आपोआप खिशात गेला. किल्ली हातातून पडली, सापडली, उलटी लागली, गाडी थांबली. साखळी त्यांच्या बॅगेच्या मुठीत अडकलेली, ती निघेना. शेवटी त्यांनी दोन्ही बॅगा साखळीसकट कवेत घेतल्या आणि आम्ही खाली उतरलो. मागे दार बंद झालं. चहा मेलबर्नला गेला.

प्लॅटफॉर्मवर मी साखळी सोडवली आणि म्हटलं, अहो, तुम्ही कशाला उतरलात? तुमची वास्तुशांत?

"उद्या आहे," ते म्हणाले. "रात्रीची गाडी आहे ना. लक्ष ठेवीन म्हटलं होतं. कुठपर्यंत ते काही त्याने सांगितलं नव्हतं."

मला हसावं की रडावं कळेना. एअरपोर्टच्या लोकलमध्ये ते माझ्या समोर बसले, बॅग पायांत धरून. मी म्हटलं, आता हृषीकेशला काही कळवू नका हं. ते म्हणाले, आपणहून नाही कळवणार, पण विचारलं तर खोटं नाही बोलणार. एवढं म्हणेपर्यंत त्यांचा फोन वाजला. अर्थात त्याचाच. अर्ध्या तासात फोटो आला नव्हता.

गुरुदत्तनी फोन माझ्यापुढे धरला. त्यांचा चेहरा गृहपाठ विसरलेल्या पोरासारखा झाला होता. वाटलं, न उचलावा. मग वाटलं, मी काय चोर आहे?

"हृषी, मी खोटं बोलले," मी म्हटलं. "कॅम्पबेलटाउनला उतरले. मंगोलियाला चाललेय, अंजू एअरपोर्टवर उभी आहे. तू नाही म्हणालास तरी जाणार आहे. पण तू नाही म्हणालास तर तिथे माझा जीव रमायचा नाही, हेही खरं."

मयूराला यात ओढलंस, तो म्हणाला. मी हो म्हटलं. तिने एका शब्दाने सांगितलं नाही, तो म्हणाला. मी पुन्हा हो म्हटलं. मग म्हणाला, फोन काकांना दे.

मी दिला. आता हा त्यांना सांगणार, आईला धरून ठेवा, मी येतोय. आणि हे गृहस्थ शब्दाला जागून मला धरून ठेवणार, साखळी होतीच जवळ. मी गुरुदत्तच्या तोंडाकडे बघत राहिले. ते नुसते हो, हो करत होते. मग नाही म्हणाले. मग अरे पण, म्हणाले. मग त्यांचे कान लाल झाले आणि त्यांनी फोनवर हात ठेवला.

"काकू," ते हळूच म्हणाले, "तो विचारतोय, माझा पासपोर्ट बरोबर आहे का."

मला एकदम रडूच फुटलं आणि त्याच वेळी हसूही. समोरची गोरी बाई रुमाल काढायला लागली. मी फोन हिसकावून घेतला आणि म्हटलं, गुरुदत्तना वास्तुशांतीला जाऊ दे, त्यांना तिथे प्रसादाला बसायचंय. मी तुला रोज फोन करीन.

"दोनदा," हृषीकेश म्हणाला.