सिव्हिकचं दुसरं वाण

गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उमरावची होंडा सिव्हिक उभी होती. पंचाहत्तर सालची, दोन दारांची, मागून उतरत्या पाठीची. गोंदियाहून आलेला मुन्ना डेंटर तिच्या मागच्या काचेभोवती खडूने रेघ ओढत होता. त्या रेघेवर कटर फिरवायचा आणि काचेसकट सगळी पाठ वर उचलली जाईल असं दार करायचं, असं ठरलं होतं. जानेवारीत नागपूरला जुन्या गाड्यांचा मेळावा होता.

"काका, एक बार कापलं का मग वापस तसं होत नाही. पक्का ना?"

"पक्का. कंपनीनं केली होती तशीच करून राहिलो. बिघडवली माह्या भावानं."

"भाऊ तर घर सोडून गेलाच," ओट्यावर तांदूळ निवडणारी त्याची बायको सुमित्राबाई म्हणाली, "आता गाडीही कापा."

चोवीस वर्षांपूर्वी उमराव आणि त्याचा धाकटा भाऊ चुन्नीलाल यांनी मिळून ही गाडी एका राइस मिलच्या आवारातून उचलून आणली होती. मागून ट्रकचा धक्का बसून तिची पाठ पार चेपली होती, काहीच उघडत नव्हतं. चुन्नीलाल हाडाचा डेंटर. चार महिने ठोकून ठोकून त्याने ती पाठ सरळ केली. काच जागच्या जागी पक्की आणि तिच्याखाली डिक्कीचं छोटं झाकण, अशी ती तयार झाली. पुढे कोणीतरी उमरावला एक छापील चित्र दाखवलं. त्यात हीच गाडी होती, पण काचेसकट सगळी पाठ वर उघडलेली. काम जड गेलं म्हणून भावाने काच बंद करून टाकली आणि खाली झाकण कापलं, असं उमरावने धरलं. चुन्नीलाल एवढंच म्हणत राहिला, "होती तशीच केली, दादा." उमरावने ऐकलं नाही. चुन्नीलाल बायकोला घेऊन सासुरवाडीला, सौंदडला गेला. त्यानंतर त्याने आपल्या गावात, मुर्रीत, पाऊल टाकलं नाही.

मुन्नाने कटरची वायर जोडली तेव्हा उमरावची नात आचल डिक्कीत डोकं घालून बसली होती. ती सहावीत होती. सकाळीच ती आजोबांबरोबर बियाण्याच्या धानात भेसळीची झाडं उपटून आली होती. ते काम उमराव तिला सावकाश शिकवत असे. एक झाड उंच दिसलं म्हणून लगेच हात घालायचा नाही. आधी पान पाहायचं, मग लोंबी, मग वाकून बुंध्याचा रंग. सगळं पाहून झाल्यावर उपटायचं, कारण उपटलेलं पुन्हा लागत नाही.

"मुन्नाकाका, पत्रा कापला का त्याची कड कशी दिसते?"

"खरबरीत. नाहीतर वेल्डिंगचे दाणे राहतात."

"मग ही गुळगुळीत काऊन हाय?"

मुन्नाने झाकणाखालच्या कडेवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. कटर खाली ठेवून तो गाडीत शिरला आणि छताचं मागचं कापड त्याने सोडवलं. "काका, इकडे या. काच वर उघडत असती, तर इथं बिजागऱ्या पाहिजे होत्या. इथं जागाच नाही. खाली पाठ ठोकलेली आहे, पण इथं पुट्टी नाही, ठोका नाही. हा कंपनीचा पत्रा आहे."

"भुजवली असतील बिजागऱ्यांची भोकं."

"भुजवलेलं मला दिसत नाही का? मी काय कल आया?"

आचलने तोवर आजीचा मोबाइल घेतला होता. तिला सापडलेली चित्रं तिने एकामागून एक दाखवली. सगळ्या सिव्हिकच. एक चार दारांची, एक लांब पाठीची, सामान न्यायची. आणि दोन अगदी सारख्या, बाजूने पाहिल्या तर वेगळ्या ओळखूच येऊ नयेत अशा. एकीची काच उघडत होती. दुसरीच्या काचेखाली छोटं झाकण होतं.

"हे वाणच दुसरं हाय, आबाजी."

उमरावने मोबाइल हातात धरला. चित्र मोठं केलं, लहान केलं. मग गाडीच्या मागे जाऊन झाकण उघडलं आणि बंद केलं. ते बरोबर बसलं.

"एकरभर धानात एक परकं झाड ओळखते हा माणूस," सुमित्राबाई म्हणाली. "घरचा माणूस नाही ओळखला."

उमरावने फडकं ओलं करून खडूची रेघ पुसली, मुन्नाला चहा दिला आणि चावी घेतली. आचल न विचारता शेजारी जाऊन बसली.

सौंदडला चुन्नीलाल अंगणात सायकलचं मडगार्ड सरळ करत होता. गाडीचा आवाज ऐकून त्याने मान वर केली, पण उठला नाही.

"कायले आला?"

"गाडी दुसऱ्या वाणाची निघाली," उमराव म्हणाला. "तू केली तेच बरोबर होतं. माहं चुकलं, चुन्नी."

"मले माहीत होतं." त्याने मडगार्ड उलटं धरलं. "तुले चित्र दिसलं तवा पटलं. भाऊ बोलला तवा नाही पटलं."

"हाव."

चुन्नीलालची बायको शकुंतलाबाई दारात आली. थोरला दीर दिसताच तिने डोईवर पदर घेतला आणि आत पाट मांडला. "जेवून जा म्हणा त्यायले."

"जेवू दे त्याले. मी नाही बसत त्याच्यासंग. आज तरी नाही."

उमराव एकटा जेवायला बसला. बाहेर चुन्नीलालने आचलला हाक मारलेली त्याने ऐकली. "पोरी, इकडे ये. बोटानं असं ठोक. टण वाजलं का पत्रा चांगला. ढब वाजलं का आतून गंज खाऊन राहिला. डोळे मिटून ठोक. घाई नको करू."

मग पत्र्यावर एक टिचकी, दुसरी, तिसरी.

शकुंतलाबाईने आणखी भात वाढला. उमराव नाही म्हणाला नाही. तो हळूहळू जेवत राहिला आणि बाहेरचं ठोकणं ऐकत राहिला.